वन्संनी न पाहिलेला शेवट

राळेगावहून तार आली तेव्हा मी अंगणात ज्वारीच्या पापड्या वाळत घालत होते. आमच्या यवतमाळच्या घरी तार यायची ती यांच्या अशिलांचीच, म्हणून मी ती तशीच बैठकीत यांच्यापुढे नेऊन ठेवली. यांनी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "आक्का गेली." मी परत अंगणात गेले आणि उरलेल्या पापड्या घालून टाकल्या. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. रडू आलं ते पुष्कळ नंतर, आणि तेही रागाचं होतं. मेलेलं माणूस चांगलंच असतं, अशी आपल्याकडे रीत आहे. या दीड महिन्यात भेटायला आलेली प्रत्येक बाई "फार मायाळू होत्या हो तुमच्या नणंदबाई" असं म्हणून चहा पिऊन गेली. यातल्या निम्म्याजणी वन्सं जिवंत असताना त्यांच्या वाऱ्याला उभ्या राहत नव्हत्या. आणि आपल्याला कुणी मायाळू म्हणतंय हे वन्संनी ऐकलं असतं, तर त्या बाईची काही धडगत नव्हती. त्या मायाळू नव्हत्या. काय होत्या ते निदान एकदा कुणीतरी लिहावं, म्हणून मी लिहिते आहे.

विदर्भ मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला त्या साली माझं लग्न झालं आणि मी पुसदहून दिग्रसला वकिलाच्या घरी आले. घरात सासूबाई, हे, आणि यांची थोरली बहीण. सगळे त्यांना आक्का म्हणत. मी रीतीप्रमाणे वन्सं म्हणत असे. ऐन बाविशीत त्यांचा नवरा गेला. सासरच्यांनी न्हावी बोलावून त्यांचे केस काढवले, आणि मग माझ्या सासऱ्यांनी त्यांना माहेरी आणलं. केस पुन्हा आले, पण मानेखाली कधी गेले नाहीत. त्यांनी वाढू दिले नाहीत की कुणी वाढू दिले नाहीत, हे मला विचारायचा धीर झाला नाही. अंगावर पांढरं पातळ, कपाळ मोकळं, आणि दुपारभर मागच्या खोलीत बसून कापसाच्या वाती वळायच्या. घरात हळदीकुंकू असलं की त्या त्याच खोलीच्या खिडकीत गज धरून उभ्या राहत आणि आलेल्या बायका मोजून घेतल्यासारख्या बघत. बायका खिडकीकडे पाठ करून बसत.

दिग्रसला कापसाच्या जिनिंगच्या मागे टिनाच्या छपराची टॉकीज होती. बायकांची आणि पुरुषांची बाजू वेगळी, मध्ये जाड कापडी पडदा. अंधार झाला की गडी पडदा ओढून बाजूला करी आणि मध्यंतराचे दिवे लागायच्या आत परत लावी. देवादिकांचे नि संतांचे पिच्चर आले तर आमच्या घरात विधवा बाईलाही जायला मुभा होती. वन्सं जात नसत. "देवानं दाखवलं तेवढं पुष्कळ झालं मले," म्हणत. त्यांना ओढ भुताच्या पिच्चरांची, आणि नेमकं तिथं त्यांना जाता येत नसे. म्हणून त्या मला पाठवायच्या. मी भित्री आहे हे त्यांनी आठवड्याभरात ओळखलं होतं, आणि तेवढ्यासाठीच मला निवडलं होतं अशी माझी खात्री आहे. मी पदर तोंडाशी धरून तीन तास बसायचं, बोटांच्या फटीतून बघायचं आणि दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मागच्या खोलीत बसून सगळं जसंच्या तसं सांगायचं. शेजारच्या गोदावरीबाई, कापसाच्या अडत्याची बायको, ऐकायला येऊन बसत. तांड्यावरून सरपणाची मोळी घेऊन येणारी सोनीबाई दारात टेकायची. सांगताना मी कुठं गाळलं, तर वन्संना बरोबर कळायचं.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "नेसली काय होती ते सांग पह्यले."

"पांढरं," मी म्हणायची.

"अन् केस?"

"मोकळे. कमरेपर्यंत."

वन्सं वातीवरची बोटं थांबवून हसायच्या. "मंग नशिबाचं भूत हाये बाई. केस तरी ठेवले तिचे." गोदावरीबाईंना यावर हसावं की नाही ते समजत नसे. "पिच्चरवाल्याले काही खर्चच नाही पाह्य," वन्सं पुढे म्हणायच्या. "भूत दाखवाचं म्हटलं का आमचे कपडे नेसवाचे." एकदा सोनीबाई दारातून म्हणाली, "आमच्या तांड्यात नवरा मेला तं बाई भूत नाही होत बा. दुसऱ्या दिशी कामाले जाते." वन्संनी तिला दोन वाट्या ताक जास्त द्यायला लावलं.

पण पिच्चरची पारख त्यांच्याइतकी मी कुणात पाहिली नाही, आणि एकही पिच्चर न पाहता. दार आपोआप उघडलं असं मी म्हटलं की त्या विचारायच्या, आतून कडी होती का? नायक एकटाच कंदील घेऊन माडीवर गेला की म्हणायच्या, याच्या घरी कोणी मोठं माणूस नाही काय? त्यांचा सगळ्यात मोठा राग भुताच्या अन्यायावर होता. "जिनं छळलं तिले काहून नाही धरत? पाहुणा आलेल्या डॉक्टरले कायले भेववून राह्यली?" हे ऐकून माझ्या लक्षात यायचं की खरंच, भूत नेहमी चुकीच्या माणसाला भिववतं. जुन्या पिच्चरांत भूत खरंच भूत असे, ते त्यांना चालायचं. पुढं पुढं नव्या पिच्चरांची तऱ्हा बदलली. शेवटी भूत नसतंच, कुणीतरी इस्टेटीसाठी केलेलं सोंग निघतं. हे यांना फार पटायचं. वकील माणूस, पुराव्यानं उलगडलं की यांना बरं वाटे. वन्संना मात्र अशा शेवटाचा संताप यायचा. "तीन तास भेव दाखवता अन् मंग म्हणता काईच नव्हतं. लबाड लेकाचे." भाऊ-बहिणीचं यावरून जेवताना वाजे. मला वाटतं, या दोघांमध्ये बोलायला उरलेला तो एवढाच विषय होता.

आता त्यांच्या दुष्टपणाबद्दल. पिच्चर सांगून सांगून मी इतकी घाबरट झाले होते की दिवेलागणीला मागच्या दाराशी जायची नाही. एकदा ताकाची कासंडी घेऊन मी त्या दारातून वळले तर दाराआड वन्सं, पांढऱ्या, एक शब्द न बोलता उभ्या. कासंडी हातातून गेली. सासूबाई धावत आल्या, तर त्यांना म्हणाल्या, "हातात जीव नाही पोरीच्या," आणि रात्री जेवताना पुन्हा पुन्हा ती गोष्ट काढून हसल्या. ते मी विसरू शकेन. दुसरं विसरणार नाही. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी माझं पाचव्या महिन्यात पोट पडलं. गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या, विधवेची सावली पडली. त्या मुद्दाम वन्संना ऐकू जाईल एवढ्या हळू बोलत. दोन दिवसांनी वन्सं माझ्या खाटेशी आल्या, उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "माही सावली पडली म्हणतात. पडली असन. मी रोज पाडतच होती." आणि निघून गेल्या. त्यांना तेव्हा काय वाटत होतं याचा अर्थ मला पुष्कळ लोकांनी लावून दाखवला आहे. लागू दे. ज्या बाईचं मूल गेलं आहे तिच्या खाटेशी असं बोलू नये. त्यांना मी माफ केलेलं नाही, आणि आता त्या गेल्या म्हणून करणारही नाही.

आता त्या दिवसाकडे येते. नवा पिच्चर आला की टॉकीजवाले बैलगाडीला दोन्ही बाजूंनी रंगवलेले फलक लावून, भोंगा वाजवत गावभर फिरवत. ती गाडी आमच्या गल्लीत थांबली. फलकावर एका मोठ्या घराची माडी होती आणि माडीच्या खिडकीत गज धरून उभी असलेली पांढऱ्या साडीतली बाई. वन्संनी ती घरातूनच, खिडकीतून पाहिली. गाडी निघून गेली तरी त्या तिथंच उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "तोंड नाही जमलं, पण उभी बरोबर हाये... हा पिच्चर मी पाह्यणार." मला वाटलं, मी पाहून येऊन सांगायचा. बाजाराच्या दिवशी हे कोर्टाच्या कामाला दारव्ह्याला गेलेले, सासूबाई जेवून आडव्या झालेल्या. दुपारच्या खेळाची वेळ झाली आणि मागच्या खोलीचं दार उघडून वन्सं बाहेर आल्या. अंगावर माझं हिरवं पातळ, माझ्या आईनं मंगळागौरीला दिलेलं. हातात माझ्या बांगड्या. कपाळावर माझ्याच करंड्यातलं, रुपयाएवढं कुंकू.

मी मागं सरून भिंतीला टेकले. सगळ्या भुताच्या पिच्चरांत मिळून मी तेवढी घाबरले नव्हते, आणि वन्संनी ते बरोबर ओळखलं. "हं, आता भ्याली तू," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, वन्सं, कुणी पाहिलं तर? त्यांचा हिशोब तयार होता. "पांढऱ्यात गेली तं लोक म्हणतीन वकिलाची विधवा बहीण पिच्चरले आली. हिरव्यात गेली तं कोणी वळून नाही पाह्यणार. माह्या तोंडाकडं कोणी कधी पाह्यलं हाये? लोक मले कपड्यानं ओळखतात." मला हे पटलं नाही, पण खोटंही म्हणता आलं नाही. आणि बाजारातून जाताना ते खरंच ठरलं. दरवर्षी त्यांना पांढरं पातळ फाडून देणारा कापडदुकानदार पायरीवर उभा होता. तो बाजूला सरकला आणि "या ताई, नवा माल आला," म्हणाला. नळावरच्या बायकांनी वाट दिली. वन्संची चाल बदलली होती, मान वर झाली होती. मी दहा पावलं मागे राहून चालत होते, आणि मला त्यांचा हेवा वाटत होता हेही इथं सांगून टाकते.

पिच्चर असा होता. एक डॉक्टर एका जमीनदाराच्या घरी पाहुणा येतो. घरातली थोरली सून मेली आहे असं सगळे सांगतात, आणि ती मेलेली सून माडीच्या खिडकीत दिसते, विहिरीवर दिसते, गाणं म्हणते. वन्सं पाठ ताठ करून बसल्या होत्या. माझं मनगट त्यांनी असं धरलं होतं की बांगडी रुतली. डोळे त्यांनी एकदाही झाकले नाहीत. दिवा घेऊन ती बाई जिना उतरते आणि तिचा दीर, ज्यानं तिला छळलेलं असतं, तो बोबडी वळून खाली पडतो, तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या बायकांनी पदरात तोंडं खुपसली, आणि वन्सं मोठ्यानं हसल्या. इतकी वर्षं भुतानं ज्याला धरायला हवं होतं त्यालाच आज धरलं होतं; आनंदानं हसल्या बिचाऱ्या. दोन बाकं पुढं गोदावरीबाई बसल्या होत्या. वन्संचं तोंड त्यांनीही कधी नीट पाहिलं नसेल, पण हसणं दुपार-दुपार ऐकलं होतं. त्यांची मान वळायला आणि रीळ तुटायला एकच गाठ पडली. पडदा लावायच्या आधीच दिवे लागले.

गोदावरीबाई किंचाळल्या. साऱ्या खेळात तशी किंकाळी कुणी फोडली नव्हती. बायका उठून उभ्या राहिल्या, एकीनं आपल्या नव्या सुनेला ओढून पलीकडे नेलं, एकीनं मुलीचे डोळे झाकले. पलीकडून पुरुष बाकांवर चढून बघू लागले. वन्सं बसूनच होत्या. "पिच्चर तिकडं हाये गोदावरी," त्या म्हणाल्या. "इकडं काय पाह्यतं?" तेवढ्यात मागच्या बाकावरची एक म्हातारी, जिला आम्ही दोघीही ओळखत नव्हतो, पुढं आली. तिनं पदराचं टोक तोंडात घालून ओलं केलं आणि वन्संची हनुवटी धरून कुंकू पुसलं. लहान मुलाचं तोंड पुसतात तसं, पण जोरात. पुसून पुसून कपाळ आणखीच लाल झालं. वन्संनी तिचा हात धरला नाही. मला त्या म्हातारीचा हात अजून दिसतो, आणि तो तोडून टाकावासा वाटतो.

टॉकीजचा मॅनेजर पडद्याशी आला. वकीलसाहेबांच्या घरच्या म्हणून माझ्याशी फार आदरानं बोलला. "मले बोलाचं बरं नाही वाटत वैनी, पण बाकीच्या बाया बसाले तयार नाहीत." आम्ही उठलो. दाराशी पोचलो तोवर रीळ जोडून झालं, अंधार झाला आणि पिच्चर पुन्हा सुरू झाला. वन्सं पडद्याकडे तोंड करून, पाठमोऱ्या चालत, चाचपडत बाहेर पडल्या. दार लागेपर्यंत त्या बघत होत्या.

घरी बातमी आमच्या आधी पोचली होती. सासूबाईंनी ते हिरवं पातळ माझ्याच हातांनी चुलीत घालायला लावलं. माझ्या आईची आठवण होती ती, आणि त्यासाठी मी त्या दिवशी वन्संवर सगळ्यात जास्त चिडले होते. हे संध्याकाळी आले. ओरडले नाहीत. नीट जेवले, ताक घेतलं, हात धुतले आणि पंच्याला हात पुसत म्हणाले, "उद्याच्या गाडीनं दादाकडं जाऊ दे तिले. इथं माझे पक्षकार येतात." दादा म्हणजे यांचे थोरले भाऊ, राळेगावकडे शेतीवर राहायचे. सकाळी एसटीत त्यांची वळकटी चढवायला मीच गेले. खिडकीतून वाकून म्हणाल्या, "सुमन, शेवट पाहून ये. अन् मले येऊन सांग. गाळू नको काही."

मला जाता आलं नाही. माझंही टॉकीजला जाणं त्या दिवसापासून बंद झालं. त्या पिच्चरचं नावसुद्धा आमच्या दारात पुन्हा कुणी काढलं नाही. गोदावरीबाई तर माझ्याशी नजर चुकवून बोलू लागल्या. पुढं यांचं काम वाढलं, आम्ही यवतमाळला आलो. दर दिवाळीनंतर मी राळेगावला जायची. वन्सं वाळल्या होत्या, जीभ तेवढी तशीच होती. कापूस वेचायला येणाऱ्या बायांना दुपारच्या भाकरीच्या वेळी त्या बांधावर बसून पिच्चर सांगत, आणि बाया म्हणे हात थांबवून ऐकत. पहिल्या वर्षी त्यांनी मला विचारलं, शेवट पाह्यला? मी नाही म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मीच सांगतो तुले," आणि सांगितला. त्यात ती बाई दिराला विहिरीत ओढून नेते. पुढच्या वर्षी शेवट वेगळा. त्यात अख्खं घर जळतं आणि ती अंगणात उभी राहून बघते. दर वर्षी नवा, दर वर्षी आधीपेक्षा क्रूर, आणि मी जाताना एसटीत त्याच विचारात बसलेली असे. मागच्या दिवाळीला भेटले ती शेवटची भेट. कावीळ तेव्हाच डोळ्यांत दिसत होती. मी आपणहून विचारलं, यंदा शेवट काय?

"काईच नाही होत," वन्सं म्हणाल्या. "ती वर माडीतच राह्यते. खाली सगळे जेवतात."

"मग त्यात भीती कशाची, वन्सं?"

"जेवतात नं," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

तेराव्याला राळेगावला गेलो तेव्हा त्यांच्या खोलीत ठेवण्यासारखं काही नव्हतं. एक सतरंजी, दोन पांढरी पातळं, वातींचा डबा. थोरल्या जाऊबाईंनी ते सगळं आधीच बांधून ठेवलं होतं, देऊन टाकायला. माझ्याकडे त्यांची वस्तू एकही नाही. मात्र गेल्या आठवड्यात इथल्या टॉकीजवर जुन्या पिच्चरचा फलक लागला, दुपारच्या खेळाला. माडी, गज आणि पांढऱ्या साडीतली बाई. मी यांना विचारलं नाही. पायात चपला घातल्या आणि गेले, आणि त्या दिवशी जिथं उठलो होतो तिथून पुढं, डोळे न झाकता, दिवे लागेपर्यंत बसले.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. हे आरामखुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मी समोर सतरंजी टाकली आणि पिच्चर सांगायला सुरुवात केली, पहिल्यापासून. कडी, कंदील, विहीर, गाणं, काही गाळलं नाही. कोणता पिच्चर आहे हे यांना जिन्यापर्यंत आल्यावर कळलं. वर्तमानपत्र खाली आलं. "पुरे कर," हे म्हणाले. मी म्हटलं, शेवट राहिला आहे. हे उठले नाहीत. मग मी सांगितलं, की तुम्ही म्हणत होता तेच खरं, ती भूत नसतेच. नवरा मेल्यावर दिरानं माडीवर कोंडलेली जिवंत विधवा असते. डॉक्टर तिचा हात धरून तिला खाली आणतो, लाल साडी नेसून ती उभी राहते, आणि सगळ्या गावासमोर तो तिच्या भांगात शेंदूर भरतो. माझ्या शेजारच्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. दिग्रसलाही त्या दिवशी वाजल्या असतील, आम्ही दाराबाहेर पडल्यावर. गोदावरीबाई तर फार हळव्या. त्या रडल्याच असतील.